बाटलीतलं पेट्रोल, भिंतीतली वीज: यवतमाळात गाडी बदलण्याचा इतिहास

आजचा विषय तुमच्यापैकीच काहींनी सुचवलेला आहे. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा इकडच्या बऱ्याच घरांत सध्या एक चर्चा चालू असते. दारातली डिझेल गाडी दहा-बारा वर्षांची झाली. आता बदलायची, तर पूर्ण विजेवर चालणारी घ्यायची का? पोरगा म्हणतो घ्या, वडील म्हणतात थांबा, आणि शेजारच्याने घेतलेली असली की दोघांनाही त्याच्याकडून दाखले मिळतात. कास्तकाराच्या किंवा मास्तरांच्या घरात एवढी रक्कम दहा-पंधरा वर्षांतून एकदा निघते. निर्णय चुकला तर ती गाडी विकतही नाही आणि चालतही नाही.

तुम्ही म्हणाल, यात इतिहासाच्या माणसाचं काय काम? काम आहे, कारण हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे. आणि आपल्या जिल्ह्यात तर तो एकदा सत्तर वर्षं लांबला होता.

आधी थोडं बाहेरचं बघू. 1900 साली अमेरिकेत 4192 मोटारगाड्या तयार झाल्या. त्यातल्या 1681 वाफेच्या होत्या, 1575 विजेच्या आणि फक्त 936 पेट्रोलच्या. म्हणजे पेट्रोलची गाडी तिसऱ्या नंबरावर होती. ताशी शंभर किलोमीटरचा वेग सगळ्यात आधी 1899 साली ओलांडला, तो कामी जेनात्झी नावाच्या बेल्जियन माणसाने, विजेच्या गाडीत. विजेची गाडी आवाज करत नव्हती, धूर सोडत नव्हती, आणि तिला हँडल मारून चालू करावं लागत नव्हतं. पेट्रोलचं हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा विजेची गाडी चालवायची. नवरा जगाला पेट्रोलची गाडी विकत होता आणि घरात चार्जिंगची गाडी उभी होती!

मग पेट्रोल जिंकलं कसं? पुस्तकांत सहसा दोन कारणं देतात. 1908 ला फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली, आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने बटणावर चालणारा स्टार्टर बसवला. हा स्टार्टर म्हणजे विजेची छोटी मोटर आणि एक बॅटरी. विजेच्या गाडीला मारलं ते विजेच्या मोटरनेच. दोन्ही कारणं खरी आहेत. पण माझ्या मते त्यांच्याइतकंच मोठं एक तिसरं कारण आहे, आणि आपल्या कामाचं तेच आहे.

पेट्रोल डब्यात भरता येतं. 1888 साली बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, जगातल्या पहिल्या लांबच्या मोटार प्रवासाला निघाली. वाटेत इंधन संपलं. पंप नावाची वस्तूच तेव्हा नव्हती. वीसलोख नावाच्या गावात तिने औषधाच्या दुकानातून कपड्यांचे डाग काढायचं द्रव विकत घेतलं, टाकीत ओतलं आणि पुढे गेली. वीज अशी दुकानातून घेता येत नाही, तिला तार लागते. आणि तार कुठे होती? शहरात. अमेरिकेसारख्या देशात 1930 च्या दशकाच्या सुरुवातीलाही दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. शेतकऱ्याने गाडी घेतली ती पेट्रोलची, कारण दुसरी त्याच्या दारात चाललीच नसती. तो काही तुलना करत बसला नाही.

हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. आजही आर्णी-घाटंजी रोडवर आतल्या गावात जा, किराणा दुकानाच्या बाहेर पाण्याच्या बाटलीत पेट्रोल दिसतं. नियमात ते बसत नाही आणि धोक्याचंही आहे. पण पेट्रोल जगभर कसं पसरलं याचं याहून चांगलं चित्र कुठल्या संग्रहालयात मिळणार नाही.

आता यवतमाळ. आपल्या जिल्ह्याची सगळ्यात नावाजलेली गाडी म्हणजे शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर, दारव्हा आणि कारंजामार्गे 113 किलोमीटर, अडीच फुटी अरुंद रूळ. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वऱ्हाडच्या कापसासाठी टाकली. इथला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाईनवर चढायचा आणि तिथून मुंबईला.

या लाईनवर मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन होतं. 1923 पासून ते धावलं आणि 15 एप्रिल 1994 ला ते काढून डिझेलचं लावलं. तारखा जरा शेजारी ठेवून बघा. मुंबईत विजेची लोकल सुरू झाली 3 फेब्रुवारी 1925 ला. चित्तरंजनच्या कारखान्याने वाफेची इंजिनं बनवणं थांबवलं 1972 ला. आणि शकुंतला 1994 पर्यंत कोळसा फेकत होती. हौशी लोक लांबून फोटो काढायला यायचे. रोज त्या गाडीने जाणाऱ्या माणसाला त्यात काही मौज नव्हती. त्याला ती परवडत होती म्हणून तो बसत होता.

इतकी वर्षं ती बदलली का नाही? एक उत्तर असं की निर्णय कोणी घ्यायचा हेच नक्की नव्हतं. 1951 नंतर रेल्वेची पुनर्रचना झाली आणि मध्य रेल्वे आली, पण हे रूळ कंपनीच्याच मालकीचे राहिले. गाडी चालवायची सरकारने आणि रुळांचे पैसे द्यायचे कंपनीला. भाड्याच्या घराला कोण नवी फरशी बसवतो?

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते इंजिन दुरुस्त होत होतं. वाफेच्या इंजिनात जे काही बिघडतं ते डोळ्यांनी दिसतं. मूर्तिजापूरच्या लोको शेडमधली माणसं नळी बदलू शकत होती, पितळ ओतू शकत होती, घासून, ठोकून भाग बसवू शकत होती. मँचेस्टरला पत्र पाठवायची गरज नव्हती. यंत्र सत्तर वर्षं टिकलं ते त्याच्या गुणामुळे जितकं, तितकंच शेडमधल्या हातांमुळे. तुमच्या आजच्या निर्णयात हा मुद्दा येतोच. विजेच्या गाडीत बिघडणारे भाग कमी असतात हे खरं आहे. ऑइल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. पण जो भाग बिघडतो तो तुमच्या गावातल्या मिस्त्रीला उघडता येत नाही. लॅपटॉप लागतो, कंपनीची परवानगी लागते, आणि गाडी उचलून नागपूर नाहीतर अमरावतीला न्यावी लागते. पंक्चर आणि ब्रेक एवढंच इथे राहतं. घेण्याआधी शोरूममध्ये किंमत विचाराच, पण त्याआधी हे विचारा की यवतमाळात बॅटरीला हात लावणारा माणूस कोण आहे आणि गाडी बंद पडली तर ती किती दिवस बंद राहते.

बरं, लोक इंधन बदलतात ते नेहमी खुशीने बदलत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा देशभर बसच्या मागे भट्टी बसवून लाकडी कोळशाच्या गॅसवर बस चालवल्या गेल्या. चढ आला की प्रवासी उतरायचे. युद्ध संपलं, पेट्रोल मिळू लागलं, आणि भट्ट्या निघाल्या. कोणालाही त्या आवडल्या नव्हत्या.

आणि कधी सरकारी दराने बदलतात. ही गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर घडली. जून 2010 मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेलचे तेव्हा झाले नाहीत. दोघांत मोठा फरक पडला आणि अख्ख्या जिल्ह्याने डिझेल गाड्या घेतल्या. हिशेब बरोबर होता. पण ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलही मोकळं झालं आणि फरक घटत गेला. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं. आज जी गाडी विकायची म्हणून तुम्ही बसला आहात, ती बहुधा त्याच हिशेबातून घेतलेली आहे. दोन इंधनांच्या दरातला फरक हा निसर्गनियम नव्हे, तो कोणीतरी ठरवलेला असतो आणि गाडी फेडून व्हायच्या आत बदलू शकतो. विजेच्या दरालाही हे लागू आहे.

विजेचा हिशेब तरी करून बघू. लहान विजेची गाडी एका युनिटमध्ये साधारण सहा-सात किलोमीटर जाते. महिन्याला हजार किलोमीटर चालवली तर दीडशेच्या आसपास युनिट लागतात. पेट्रोलच्या मानाने हे फार स्वस्त आहे, यात वाद नाही. फक्त महावितरणच्या घरगुती दरात 100, 300, 500 युनिट असे टप्पे आहेत. घरात कूलर, फ्रिज, मोटरपंप धरून तुम्ही आधीच अडीचशेवर असाल तर गाडीचे बरेचसे युनिट वरच्या टप्प्याच्या दराने पडतात. छतावर सोलर असेल तर चित्र पूर्ण पालटतं. वेगळं मीटर घेता येतं. शेजाऱ्याचा आकडा ऐकून ठरवू नका, स्वतःचं मे महिन्याचं बिल काढून बघा.

आता तार. 2005 नंतरची काही वर्षं आठवा. विदर्भातल्या खेड्यांत दिवसातले दहा-बारा तास भारनियमन असायचं. त्या काळात कोणी विजेची गाडी घेतली असती तर लोक हसले असते, आणि त्यांचं बरोबरच असतं. मग गावठाण फीडर वेगळे झाले, म्हणजे शेतीपंपाची लाईन निराळी आणि गावातल्या घरांची निराळी. गाड्यांचा इतिहास लिहिणारे या गोष्टीकडे बघतही नाहीत. पण खेड्यात रात्रभर गाडी चार्ज करता येईल अशी शक्यता ज्याने निर्माण केली ते काम हेच. आज आपल्या जिल्ह्यात अशी कितीतरी गावं आहेत जिथे पंप नाही, पण घरात पंधरा अँपियरचा सॉकेट आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचं गणित इथे उलटं झालं. पंपावर जायला गाव सोडावं लागतं, आणि वीज ओसरीवर आहे. तीस युनिटची बॅटरी त्या साध्या सॉकेटवर नऊ-दहा तासांत भरते. रात्री लावली, सकाळी तयार. अर्थिंग मात्र नीट करून घ्या. आणि डीपी जळाली की गावाला किती दिवस थांबावं लागतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

वीज येते कुठून, हेही सांगायला हवं, कारण विजेची गाडी म्हणजे प्रदूषण शून्य असं सरसकट बोललं जातं. वणी तालुक्यात जाऊन बघा. उकणी, कोलारपिंपरी, निलजई इथल्या उघड्या खाणी, रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक, झाडांच्या पानांवरची काळी धूळ. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. पुण्यातल्या गाडीचा धूर कमी होतो तेव्हा त्यातला काही भाग वणीच्या माणसाच्या छातीत जातो. तरीही एकूण हिशेबात विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमी कार्बन सोडते असंच बहुतेक अभ्यास सांगतात, आणि सौरवीज वाढेल तसा तो आणखी घटेल. पण यवतमाळच्या माणसाने हे बोलताना वणी विसरू नये.

राहिला लांबचा रस्ता. 1 जून 1948 ला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हा आपण मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतो, त्यामुळे ती आपली नव्हतीच. 1 जून 2022 ला एसटीची पहिली विजेची शिवाई बस धावली, तीही पुणे-नगर मार्गावरच. नव्या गोष्टी पश्चिमेकडून सुरू होतात आणि आपल्याकडे उशिरा पोचतात. 2025 च्या राज्य धोरणात विजेच्या गाड्यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी ठरली. यातला एकही रस्ता यवतमाळ जिल्ह्यातून जात नाही. समृद्धी गाठायला धामणगावकडे जावं लागतं.

आपला खरा लांबचा रस्ता म्हणजे नागपूर, साधारण दीडशे किलोमीटर. लग्नाला आपण सवडीने जातो. दवाखान्याला तसं जात नाही. रात्री दोनला छातीत दुखलं, यवतमाळच्या सरकारी दवाखान्याने पुढे न्या म्हटलं, तर सावंगी किंवा नागपूर. तीस युनिटच्या बॅटरीने मे महिन्यात एसी लावून, हायवेच्या वेगाने नागपूर गाठता येईल, पण ती संध्याकाळी भरलेली असेल तर. दिवसभर फिरून चाळीस टक्क्यांवर आलेली असेल तर वर्ध्याच्या अलीकडे थांबावं लागेल, आणि तो चार्जर त्या क्षणी चालू असेल का, हे ॲपवर दिसतं तसं असतंच असं नाही. पेट्रोलच्या गाडीत हा विचार करावा लागत नाही.

म्हणून मला कोणी विचारलं की मी दोन उलटे प्रश्न विचारतो. घरात दुसरी गाडी आहे का? आणि रात्री गाडी उभी राहते ती जागा स्वतःची आहे का? यवतमाळ-दारव्हा रोज ये-जा करणाऱ्या, अंगण असलेल्या, घरात आणखी एक जुनी गाडी असलेल्या माणसाने विजेची घ्यावी, खुशाल घ्यावी. उरलेली जुनी गाडी विकू नये, तिची किंमत तसंही काही येत नाही. भाड्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने, ज्याची एकच गाडी आहे आणि ज्याच्या घरात म्हातारं माणूस आजारी आहे, त्याने नागपूर रोडवरचे चार्जर वाढेपर्यंत दोन-तीन वर्षं थांबावं. आणि मोठ्या बॅटरीची गाडी परवडत असेल तर हा दुसरा सल्ला बराचसा गळून पडतो, तेव्हा शोरूममध्ये जाताना कंपनीने छापलेला आकडा बाजूला ठेवा आणि ज्याने ती गाडी मे महिन्यात नागपूरला नेली आहे अशा माणसाला गाठा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.