पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय? रॅक बदलण्याआधी पाइप तपासा

जुन्या गाडीखाली लालसर तेलाचा डाग दिसायला लागला, स्टिअरिंग पूर्ण वळवताना बॉनेटमधून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला आणि डबीतलं ऑइल सारखं कमी व्हायला लागलं, की समजायचं पॉवर स्टिअरिंग गळतंय. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘ऑइल टाकत राहा, चालून जाईल.’ दुसरा, ‘रॅक गेला, बदलावा लागेल.’ पहिला सल्ला धोक्याचा आहे, तर दुसरा खिशाला जड. या दोन्हींच्या मध्ये एक साधी शक्यता बऱ्याचदा राहून जाते, ती म्हणजे रॅक ठणठणीत आहे, फक्त पाइप खराब झालाय.

आधी बघा, तुमच्या गाडीत हे ऑइल असतं का?

सगळ्याच पॉवर स्टिअरिंगमध्ये ऑइल नसतं. जुन्या पद्धतीत इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो. हा पंप ऑइल दाबाने स्टिअरिंगच्या रॅकपर्यंत ढकलतो आणि त्या दाबाच्या जोरावर चाकं सहज वळतात. याला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग म्हणतात. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२० च्या दशकात यावर काम केलं आणि १९५१ मध्ये क्रायस्लरने इम्पीरियल या गाडीत ते ग्राहकांना विकायला सुरुवात केली.

आपल्याकडे टोयोटा क्वालिस, पहिल्या पिढीची इनोव्हा, जुनी स्कॉर्पिओ, टाटा सफारी, पॉवर स्टिअरिंगवाली इंडिका, ह्युंदाई ॲक्सेंट या गाड्यांमध्ये हीच पद्धत होती. यातल्या बऱ्याच गाड्या आजही रस्त्यावर आहेत.

याउलट आल्टो, वॅगन-आर यांसारख्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये इलेक्ट्रिक मोटर असते. सुझुकीने १९८८ मध्ये सर्व्हो या जपानी बाजारातल्या गाडीत ही पद्धत आणली. त्यात ना पंप, ना पाइप, ना ऑइल. त्यामुळे अशा गाडीखाली तेल दिसलं तर ते दुसरीकडूनच येतंय.

दोन पाइप, दोन वेगळी कामं

हायड्रॉलिक पद्धतीत मुख्य पाइप दोन. पंपाकडून रॅककडे जातो तो प्रेशर पाइप आणि रॅककडून डबीकडे परत येतो तो रिटर्न पाइप.

गाडी सरळ चालताना प्रेशर पाइपमधला दाब कमी असतो. पण जागेवर उभी गाडी पूर्ण वळवली की तो १,००० पीएसआयच्या वर जातो. तुलना करायची तर कारच्या टायरमध्ये हवा असते साधारण ३० ते ३५ पीएसआय. म्हणजे टायरच्या तीसपट दाब हा बोटाएवढा पाइप सहन करतो. म्हणून त्याच्या रबराच्या आत विणलेला मजबूत थर असतो आणि दोन्ही टोकांना धातूचं फिटिंग मशिनने दाबून बसवलेलं असतं. रिटर्न पाइपमध्ये मात्र दाब फारच कमी. तो साधा रबरी पाइप असतो आणि क्लिपने आवळलेला असतो.

हा फरक महत्त्वाचा, कारण दुरुस्ती आणि खर्च दोन्ही त्यावर ठरतात. रिटर्न पाइप गळत असेल तर कधी कधी नवीन क्लिपवर भागतं. प्रेशर पाइप गळत असेल तर तो बदलण्याला पर्याय नाही.

पाइप खराब का होतो?

मुख्य कारण उष्णता आणि वय. वर्षानुवर्षं इंजिनजवळ तापून रबर आधी कडक होतं, मग त्याला भेगा पडतात. इंजिनचं माउंटिंग ढिलं झालं असेल तर इंजिन जास्त हलतं आणि पाइपला सतत हिसके बसतात. पाइप धरून ठेवणारी पट्टी तुटली तर तो कुठेतरी घासत राहतो. आणि गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदीर आहेतच. वायरींसोबत रबरी पाइपही त्यांना चालतात.

गळती नेमकी कुठून, ते कसं शोधायचं?

रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली एक मोठा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डागाचा रंग आणि जागा बघा. स्टिअरिंग ऑइल बहुतेक गाड्यांत लाल किंवा फिकट पिवळसर असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. काही युरोपियन गाड्यांत ते हिरवं असतं. काळपट आणि जाडसर डाग इंजिन ऑइलचा असू शकतो. पाण्यासारखा, गोडसर वासाचा रंगीत डाग कूलंटचा. नुसतं पाणी असेल तर ते बहुधा एसीचं. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत गिअरबॉक्सचं ऑइलही लाल असतं, त्यामुळे फक्त रंगावर जाऊ नका. डबीतलं ऑइल कमी झालंय का, तेही बघा.

यानंतरची पायरी बरेच जण टाळतात. तेल वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे जिथून थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही. सगळा भाग आधी स्वच्छ धुऊन कोरडा करायचा, गाडी थोडी फिरवायची आणि मग जो सगळ्यात वरचा भाग ओला दिसेल तिथे संशय घ्यायचा.

मग प्रश्न येतो रॅकचा. रॅकच्या दोन्ही टोकांना घडीघडीचे रबरी बूट असतात. गाडी रॅम्पवर असताना मेकॅनिकला ते बूट दाखवायला सांगा. बुटाच्या आत ऑइल साचलं असेल तर रॅकचं सील गेलंय. बूट आतून कोरडे आणि पाइपचं टोक ओलं असेल, तर रॅक बदलण्याची घाई करू नका. वरून गळलेलं तेल रॅकवर पसरलं की रॅकच गळतोय असं वाटू शकतं. रॅक आणि पाइप यांच्या खर्चात मोठा फरक आहे, म्हणून हे दोन मिनिटांचं तपासणं सोडू नये.

एक ताकीद. इंजिन चालू असताना पाइपवर हात फिरवून गळती शोधू नका. बारीक छिद्रातून जोरात येणारं तेल कातडीच्या आत घुसू शकतं. बाहेरून जखम टाचणीएवढी दिसली तरी आतलं नुकसान मोठं असतं आणि लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. शिवाय शेजारी बेल्ट फिरत असतो. तपासायचं तर लांबून, टॉर्च आणि पुठ्ठा वापरून.

‘ऑइल टाकत राहा’ हा सल्ला धोक्याचा का?

पहिलं कारण आग. हे तेल ज्वलनशील आहे आणि अनेक गाड्यांत पाइप तापलेल्या एक्झॉस्टच्या जवळून जातो. तिथे तेल पडलं तर धूर होतो, आणि पेटही घेऊ शकतं.

दुसरं कारण पंप. पंपाला वंगण मिळतं ते याच ऑइलचं. ऑइल संपलं की पंप कोरडा फिरतो, आधी आवाज करतो आणि मग निकामी होतो. पाइपचा खर्च वाचवताना पंपाचा खर्च अंगावर येतो.

तिसरं कारण रस्ता. पाइप अचानक फुटला तरी स्टिअरिंग तुटत नाही, चाकांशी त्याचा जोड कायम राहतो. पण ते एका क्षणात दगडासारखं जड होतं. सरळ महामार्गावर माणूस सावरून घेतो. ताम्हिणी किंवा आंबेनळी घाटातल्या वळणावर, भरलेली गाडी उतरत असताना तेवढा वेळ मिळेलच असं नाही. असं झालं तर घाबरून हात सोडायचे नाहीत. दोन्ही हातांनी जोर लावून वळवायचं, वेग कमी करायचा आणि सुरक्षित जागी थांबायचं.

तात्पुरतं काय चालतं आणि काय चालत नाही?

गळती थेंबाथेंबाची असेल तर योग्य ऑइल भरून, सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. धार लागली असेल किंवा धूर येत असेल तर गाडी टो करून न्यावी.

प्रेशर पाइपवर टेप, एम-सील किंवा क्लिप टिकत नाही. गळती थांबवणारी बाटलीतली औषधं म्हातारं झालेलं सील थोडं मऊ करतात, फाटलेला पाइप त्याने जुळत नाही. ब्रेक ऑइल तर चुकूनही टाकायचं नाही. त्याने स्टिअरिंगची सगळी सील फुगून खराब होतात. कोणतं ऑइल लागतं ते डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

‘बेल्ट काढून टाका आणि चालवा’ असंही कुणी सुचवतं. अनेक गाड्यांत त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही चालतो. तो काढला की इंजिन तापतं.

नवीन पाइप बसवताना

कंपनीचा पाइप मिळत असेल तर उत्तम. जुन्या गाडीचा मिळत नसेल तर ट्रॅक्टर आणि जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप बनवणाऱ्या दुकानात जुनी फिटिंग वापरून नवा पाइप क्रिंप करून देतात. हा पर्याय चांगला आहे, पण पाइप त्या दाबाचा, त्या तापमानाचा आणि त्या ऑइलला चालणारा हवा. पॉवर स्टिअरिंगचा मूळ पाइप दाबाखाली किंचित फुगतो आणि पंपाचे हिसके शोषून घेतो. फार कडक पाइप टाकला तर आवाज वाढू शकतो. रिटर्न पाइपसाठीही ऑइलला चालणारं रबरच लागतं. कूलंटचा किंवा पाण्याचा पाइप तिथे लवकर सडतो.

जोडावरचे तांब्याचे वॉशर किंवा ओरिंग दर वेळी नवीन टाकायचे. जुनेच परत लावले तर नवा पाइपही तिथूनच गळतो. पाइप मूळ मार्गानेच न्यायचा, त्याच्या पट्ट्या परत लावायच्या आणि एक्झॉस्टपासून अंतर ठेवायचं.

शेवटचं काम हवा काढण्याचं. पुढची चाकं उचलून, गाडी स्टँडवर नीट टेकवून, इंजिन बंद असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश अनेकदा फिरवतात आणि डबीत ऑइल भरत राहतात. मग इंजिन चालू करून तेच पुन्हा. टोकाला स्टिअरिंग धरून ठेवायचं नाही, कारण तिथे दाब सगळ्यात जास्त असतो. ऑइल फेसाळ किंवा दुधाळ दिसत असेल तर अजून हवा शिल्लक आहे. फेस थांबला, आवाज गेला, की काम झालं. दुसऱ्या दिवशी ऑइलची पातळी आणि सगळे जोड पुन्हा बघायचे. काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नये, ते घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजवाल्याकडे जमा करावं.

आणि बिल देण्याआधी काढलेला जुना पाइप मागून घ्या. तो वाकवला की भेग कुठे होती ते दिसतं. भेग दिसली नाही तर गळती खरंच तिथूनच होती का, हे गाडी गॅरेजमध्ये असतानाच विचारता येतं.