चित्रकथी : गीत आणि चित्र यांच्या संयोगाची एक पूर्वपीठिका

गीत व चित्र यांचा मेळ घालून कथा सांगणे ही यंत्रयुगाची निर्मिती होय, असा समज रूढ आहे. म्युझिक व्हिडिओचा इतिहास १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत सुरू झालेल्या एम्‌टीव्ही वाहिनीपासून, फार तर १९४० नंतर तेथील उपाहारगृहांत नाणे टाकून पाहावयाच्या गाण्यांच्या लघुपटांपासून मांडला जातो. योगायोग असा की, त्याच १९८१ साली १ मे रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. आणि त्या जिल्ह्यातील कुडाळनजीकच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने हा मेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. त्यास चित्रकथी म्हणतात.

चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त येतो. पिंगुळीची परंपरा थेट तेथवर नेऊन भिडविणे धाडसाचे ठरेल. सावंतवाडी संस्थानचा आश्रय तिला लाभला, एवढे मात्र मान्य आहे.

चित्रकथीच्या प्रयोगाची रीत सूक्ष्मपणे पाहण्याजोगी आहे. एका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या संचास ‘पोथी’ म्हणतात. दोन चित्रे पाठीस पाठ लावून चिकटविलेली असतात. त्यामुळे पान उलटताच कथा पुढे सरकते. वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीने सूत्रधार रामायण-महाभारतातील प्रसंग गातो, मध्येच गद्यात निवेदन करतो आणि बोटाने चित्रातील पात्र दाखवितो. चित्र स्थिर असते. गती असते ती गायनात. म्युझिक व्हिडिओत गाण्याची लांबी आधीच ठरलेली असून दृश्ये त्या मापाने कापली जातात. येथे मापच नाही. करुण प्रसंगी श्रोते रमले, तर तेच पान गायक कितीही वेळ समोर ठेवू शकतो. ही सत्ता पुढील कोणत्याही यंत्राने गायकाच्या हाती ठेवली नाही.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ (१८९२) हा या दोहोंमधील दुवा मानता येईल. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पडत आणि त्यांस संवाद-गीतांची जोड मिळे. दिवा यंत्राचा होता, आवाज अजून माणसाचाच होता.

चित्रकथीच्या अभ्यासात एक विपरीत गोष्ट घडली. या शैलीची चित्रे ‘पैठणी चित्रे’ म्हणून संग्राहकांच्या हाती गेली, काही पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आली, आणि त्यांची मीमांसा रेषा, रंग व विशाल नेत्र यांपुरती राहिली. चित्र टिकले, पण त्याच्या पाठीमागचे गाणे गायकाच्या स्मरणात राहिले. ते कागदावर नव्हते. गाणे सुटले की पोथीतील पानांचा क्रमही संदिग्ध होतो, कारण प्रसंगांना जोडणारा धागा चित्रात काढलेला नसतो.

पिंगुळीतच परशुराम विश्राम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभारले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथे चित्रे व कळसूत्री बाहुल्या त्यांचा प्रयोग करणाऱ्या घरातच आहेत, हा फरक लहान नव्हे. आता अशा प्रयोगांची दृश्यमुद्रणेही होतात. त्यांत गीत व चित्र पुन्हा एकत्र येतात खरे. परंतु पान किती वेळ समोर राहील, हे मुद्रण झाले त्या दिवशीच ठरून जाते.