धारेची किंमत



पालघर स्टेशनावर उतरून पश्चिमेस सातपाटीकडे वळावे, तर कोळणीपुढची विळी दिसते. पूर्वेस मनोरकडे गेले, तर वारल्याच्या कमरेला कोयता असतो. किनाऱ्याने तारापूर-चिंचणीकडे गेल्यास माडी काढणाऱ्याची पातळ धारेची कोयती भेटते. या हत्यारांवर आमच्या भागाने पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले. त्यांची धार कोण लावतो, आणि त्या धारेची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. बोईसरच्या एखाद्या गाळ्यात आज कोणी सुऱ्या घडवण्यासाठी पट्ट्याचे ग्राइंडर बसवू लागला, तर त्यालाही या प्रश्नाला तोंड द्यावेच लागते. म्हणून त्या यंत्राची कुळकथा थोडी मागून सांगावी असे आम्हांस वाटते.

प्रारंभी होता तो दगड. संस्कृतातील 'शाण' म्हणजे मराठीतील 'सहाण'. ओढ्याकाठी खडक पाहून विळा घासणारा शेतमजूर याच परंपरेतला. येथे गती हाताची असते. पाणी जवळ असते, म्हणून लोखंड तापत नाही आणि धूळही उडत नाही. खर्ची पडते ती मजुराची वेळ आणि कंबर. आणि ती कधी मजुरीत धरली गेली नाही. १९४५ साली याच भागातील वारल्यांनी गवतकापणीच्या दरासाठी संप केला, तेव्हा ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये एवढीच त्यांची मागणी होती. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात जेठ्या गांगड व त्याचे सोबती प्राणांस मुकले. विळा मजुराचा, धारही त्यानेच लावायची, आणि दर मात्र मालकाने ठरवायचा, असा तो व्यवहार होता.

दगडानंतर चाक आले. फौजांबरोबर शिकलगार असत. 'सैकल' या अरबी शब्दाचा अर्थ घासून चकाकी आणणे. त्यावरून हे नाव पडले. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा कोट सर केला. त्या मोहिमेचा इतिहास वाचताना आपण तलवारींकडे पाहतो, पण त्या तलवारींना धार देणाऱ्यांची नावे बखरीत सापडायची नाहीत. शिकलगाराचे चाक कुरुंदाच्या पुडीचे. ती पूड लाखेत कालवून चाक ओतायचे, आणि जोडीदाराने वादी मागेपुढे ओढून ते फिरवायचे. इंग्रजीतील 'कोरंडम' हा शब्दही मुळात आपल्याच देशातून तिकडे गेलेला आहे.

पुढे याच चाकाला पाण्याची आणि वाफेची शक्ती जोडली गेली, तेव्हा धारेची खरी किंमत जगाला कळली. इंग्लंडातील शेफिल्ड हे सुरी-कात्रीचे माहेरघर. तेथील चाके वालुकाश्माची होती. कोरड्या चाकावर काटे व सुया घासणाऱ्यांच्या छातीत दगडाची बारीक पूड साचे, आणि त्यांच्यात चाळिशी पाहणारे थोडेच निघत. डॉ. आर्नल्ड नाइट यांनी १८३० साली आणि डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ साली या रोगाविषयी लिहिले. आज त्यास सिलिकोसिस म्हणतात. धूळ ओढून नेण्याची साधने तेव्हाही निघाली होती. पण पुष्कळ कामगारांनीच ती नाकारली! माणसे जास्त जगली तर धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी पडेल, हे त्यांचे भय. पोटासाठी आयुष्य तोकडे करून घेण्याचा असा हिशेब ज्या धंद्यात करावा लागला, त्या धंद्याच्या चकचकीत मालाचे कौतुक आपण जपूनच केले पाहिजे.

त्या दगडातून सुटका झाली ती रसायनशास्त्रामुळे. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले. कार्बन आणि कोरंडम यांची जोडी जमली असे समजून त्यांनी त्यास 'कार्बोरंडम' हे नाव दिले. समज चुकीचा होता, पण नाव टिकले. पुढे विजेच्या भट्टीतच कृत्रिम ॲल्युमिनियम ऑक्साइडही होऊ लागले, आणि वालुकाश्माची चाके हळूहळू मागे पडली. घासण्याच्या चाकांचा धंदा आपल्याकडे आला तोही याच कोकणपट्टीवर: उरणजवळ मोरा येथे १९४१ साली ग्राइंडवेल कंपनी सुरू झाली. मद्रासेत कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ साली निघाली. आपल्या देशातून शब्द गेला आणि दीडशतकाहून अधिक काळाने चाक होऊन परत आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

हेच दाणे कापडावर सरसाने किंवा राळेने चिकटवले आणि कापडाची दोन टोके जोडली, की पट्टा झाला. चाक झिजले म्हणजे त्याचा व्यास घटतो आणि कडेची गतीही घटते. शिवाय तडा गेलेले चाक फुटून जीव घेऊ शकते. पट्टा फार तर तुटतो. तो लांब असल्याने दाण्यांना हवेत निवायला सवड मिळते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील सुरी करणाऱ्यांनी हे यंत्र आपलेसे केले. बॉब लव्हलेस यांनी १९५४ पासून पोलादाची पट्टी घण न मारता केवळ घासून घडवण्याची रीत नावारूपास आणली. २ इंच रुंद आणि ७२ इंच लांब हा पट्टा त्या धंद्यात रूढ झाला.

आता असे यंत्र बोईसरात बसवायचे, तर अमेरिकेचा नकाशा जसाच्या तसा चालत नाही. तेथील वीज ६० आवर्तनांची, आपली ५०. १०० मिलिमीटर व्यासाचे चालक चाक आपल्या १४४० फेऱ्यांच्या मोटरवर मिनिटाला सुमारे ४५० मीटर पट्टा पळवते. तेच चाक तिकडे सुमारे ५४० मीटर पळवील. गती हवी असेल तर चाक मोठे घ्यावे. गती कमी-जास्त करणारे विजेचे उपकरण बसवता आले तर अधिक चांगले. वरचे चाक मध्यभागी किंचित फुगीर असावे, म्हणजे पट्टा उंच भागाकडे सरकून मधोमध राहतो. स्प्रिंगने ताण द्यावा. पाते टेकवण्याची मागची पाटी सपाट आणि चाकांशी समांतर हवी. पट्टा खाली, टेकणीच्या दिशेने धावला पाहिजे. सैल बाह्या आणि हातमोजे या यंत्राजवळ नकोत. मोटरला अर्थिंग हवेच. आमच्या खाऱ्या हवेत उघडा दांडा आठवड्यात गंजतो आणि पावसाळ्यात पट्टे ओल धरतात, म्हणून ते कोरड्या जागी टांगून ठेवावेत.

गतीबरोबर उष्णता येते. लोहाराने पाते लाल करून पाणी दिले, मग सुमारे २०० अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवला. आणि नंतर पट्ट्यावर घासताना धार निळी पडली, तर तिचे पाणी उतरलेच. निळा रंग ३०० अंशांच्या आसपासचा असतो. म्हणून पाणी दिल्यानंतरचे घासणे नव्या पट्ट्याने, हलक्या हाताने, उघड्या बोटांना चटका जाणवताच पाते पाण्यात बुडवून करायचे.

आणि शेवटी धूळ. वालुकाश्म गेला म्हणून धूळ निरुपद्रवी झाली असे नव्हे. स्टेनलेस पोलादात क्रोमियम असते, पुष्कळदा निकेलही असते. मुठीच्या लाकडाची पूड वेगळीच. ठिणग्या पडतात तेथे पाण्याची बादली ठेवावी, धूळ ओढणारा पंखा यंत्राबरोबरच घ्यावा, आणि लाकडाची पूड व ठिणग्या एका नळीत जाऊ देऊ नयेत, नाहीतर आग लागते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. चेहऱ्यास घट्ट बसणारी, बारीक धूळ अडवणारी मुखपट्टी हवी.

१९४८ च्या कारखाना कायद्याने धूळ हटवण्याचे बंधन घातले, आणि घासण्याच्या प्रत्येक यंत्राजवळ चाकाची सुरक्षित गती लिहून लावण्यास सांगितले. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठीही त्या कायद्याने किमान १० कामगार धरले होते. एकट्याच्या गाळ्यात निरीक्षक येत नव्हता. तेथे मालक तोच, कामगार तोच, आणि छातीही त्याचीच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, आमच्या तरुणांनी हे यंत्र जरूर बसवावे. सुरीची किंमत ठरवताना मात्र पोलाद, वीज आणि पट्टे यांच्या खाली आणखी एक ओळ लिहावी, ती पंख्याची आणि मुखपट्टीची. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले तर ती ओळ सोडू नये. आणि आपणही गिऱ्हाईक म्हणून ती खोडायला लावू नये. अडीच रुपयांसाठी विळे खाली ठेवणाऱ्यांच्या या मुलखात एवढा हिशेब समजण्यास कठीण पडू नये.