पोटमाळा नसलेल्या घरांतला मर्फी

‘रेट्रो गेम’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? अमेरिकेतलं एखादं तळघर, जपानमधलं आर्केड, किंवा युट्यूबवर जुन्या कार्ट्रिजवर फुंकर मारणारा कोणीतरी. मस्कतमधलं अल् खुवैर सहसा येत नाही. ते का येत नाही, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो समजून घ्यायला एक लहानसा खेळ पुरतो: सुपाप्लेक्स.

फिलिप येस्पर्सन आणि मिखाएल श्टॉप या दोन स्विस विद्यार्थ्यांनी हा खेळ बनवला आणि १९९१ साली तो बाजारात आला. गोष्ट घडते चक्क कॉम्प्युटरच्या पोटात. मर्फी नावाचा लाल गोळा हिरवा सर्किट बोर्ड खात पुढे सरकतो आणि ‘इन्फोट्रॉन’ गोळा करतो. ठरलेला आकडा भरला की बाहेर पडायची वाट मोकळी होते. पण आजूबाजूला ‘झॉन्क’ नावाचे राखाडी गोळे रचलेले असतात. त्यांच्या खालचा आधार काढलात आणि तिथेच रेंगाळलात, तर खेळ खलास. कात्रीसारखे ‘स्निक-स्नॅक’ भिंतीच्या कडेकडेने फिरत असतात. फिरत्या इलेक्ट्रॉनवर नेमका झॉन्क पाडलात, तर स्फोट होतो आणि त्या जागी नऊ इन्फोट्रॉन उगवतात. म्हणजे संकट हीच कमाई, फक्त ते योग्य जागी फुटलं पाहिजे.

हा साचा १९८४ च्या ‘बोल्डर डॅश’चा. त्यात गुहा होती, दगड होते, हिरे होते आणि डोक्यावर सतत घड्याळ होतं. सुपाप्लेक्सने गुहेच्या जागी मायक्रोचिप आणली आणि वेळेचं बंधन काढून टाकलं. हवा तितका वेळ विचार करा, पण एकदा हललात की केलेली चाल मागे घेता येत नाही.

आता जरा हिशोब करू. एक लेव्हल म्हणजे ६० बाय २४ चौकटी, प्रत्येक चौकटीला एक बाइट. लेव्हलचं नाव वगैरेसाठी आणखी ९६ बाइट. झाले १,५३६. अशा १११ लेव्हल मिळून होतात १,७०,४९६ बाइट. तुमच्या फॅमिली ग्रुपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा बहुतेक वेळा याहून मोठा असतो! अख्खा खेळ १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवर आरामात मावायचा. शिवाय खेळताना वाचायचं जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी अडायचं नाही. शर्टाच्या खिशात मावणारा, भाषेची अट नसलेला खेळ हातोहात फिरायला किती सोयीचा, बघा.

त्या काळातलं अल् खुवैर म्हणजे हमरस्त्याच्या कडेला मंत्रालयं आणि आत भाड्याचे फ्लॅट. एकेका इमारतीत मराठी, मल्याळी, गुजराती, पाकिस्तानी, इजिप्शियन कुटुंबं. सुट्टी गुरुवार-शुक्रवारची, ती शुक्रवार-शनिवार झाली २०१३ मध्ये. शेजारच्या अल् घुब्रातली भारतीय शाळा सुरू झाली १९९० मध्ये, म्हणजे सुपाप्लेक्सच्या आदल्या वर्षी.

आखातात घरगुती कॉम्प्युटर मात्र त्याआधीच पोचला होता, आणि तोही अरबी बोलणारा. कुवेतच्या मुहम्मद अल् शारेख यांनी १९८२ मध्ये अल् आलमिया ही कंपनी काढली. जपानमधून आलेल्या एमएसएक्स या मानकावर तिने अरबी कॉम्प्युटर आणले, नाव ‘सख्र’. कार्ट्रिज खुपसायचं आणि खेळायचं. १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि कंपनीला कैरोला हलावं लागलं. पुढे याच शारेख यांनी जुन्या अरबी सांस्कृतिक मासिकांचा प्रचंड डिजिटल संग्रह उभा केला. घर सोडावं लागलेल्या कंपनीच्या मालकाला कागद जपावेसे वाटले, हे लक्षात ठेवा.

कारण जपण्याचा प्रश्न सुपाप्लेक्सपुढेही आला. खेळाची गती त्या काळच्या मशीनच्या वेगाशी जुळवलेली होती. वेगवान कॉम्प्युटर आले आणि मर्फी इतका सुसाट सुटला की खेळणंच अशक्य झालं. फ्लॉपी शाबूत, फाइल शाबूत, पण खेळ हातातून गेला. तो वाचवला चाहत्यांनी. वेग आवरणारी आवृत्ती त्यांनी तयार केली, नव्या लेव्हल रचल्या आणि अलीकडे तर अख्खा खेळ नव्याने लिहून काढला. म्हणून आज तुम्ही तो लॅपटॉपवर खेळू शकता.

म्हणजे खेळ वाचला. हरवले ते खेळणारे.

रेट्रो खेळांचा इतिहास बहुतेक वेळा लिहिला जातो तो जपून ठेवलेल्या वस्तूंवरून: खोके, पावत्या, मासिकं, नावं लिहिलेल्या फ्लॉप्या. त्या सापडतात तळघरात, गॅरेजमध्ये, पुण्या-नाशिकच्या घरांत पोटमाळ्यावर. अल् खुवैरच्या भाड्याच्या फ्लॅटला असा पोटमाळा नव्हता. तिथला मुक्काम नोकरीच्या व्हिसाला बांधलेला. नोकरी संपली की सोफा विकायचा, फ्रिज कोणाला तरी द्यायचा, कॉम्प्युटर पुढच्या कुटुंबाला, आणि उरलेला संसार विमानाच्या वजनाच्या मर्यादेत बसवायचा. त्यात फ्लॉपीचा डबा कोण घेणार? मुलं बारावीनंतर पुण्याला, मग तिथून टोरांटोला किंवा सिडनीला. याच अल् खुवैरमध्ये १९८५ मध्ये नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय उघडलं आणि तिथे स्पर्म व्हेलचा सांगाडा निगुतीने मांडला गेला. समोरच्या इमारतींतल्या बालपणांसाठी असं दालन नाही.

वस्तू नसतील, तर साधन एकच उरतं: आठवण. आणि ती तुमच्या घरात आहे. तुमचे आई-बाबा, मामा, आत्या आखातात वाढले असतील, तर या शुक्रवारी फोन लावा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. ‘मजा यायची का?’ असं मोघम विचारू नका, नेमकं विचारा. कॉम्प्युटर कुठल्या खोलीत होता? फ्लॉपी कोणाकडून आली, आणि त्या घरात कुठली भाषा बोलायचे? एक लेव्हल अडली की कोणाच्या दारावर थाप मारायची? बहिणीला पाळी मिळायची का, की ती नुसती बघायची? निघताना तो कॉम्प्युटर कोणाला दिला?

शेवटच्या प्रश्नाला थोडा वेळ द्या. तिथे लोक बहुतेक गप्प होतात, आणि मग बोलायला लागतात.