लोकलहोस्टवरचे मराठी पान : एका दुरुस्तीचा इतिहास

संगणकात जतन केलेली मराठी मजकुराची फाईल सरळ ब्राउझरमध्ये उघडली असता अक्षरे स्वच्छ उमटावीत, आणि तीच फाईल, तिच्यात काना-मात्रेचाही फेरफार न करता, त्याच संगणकावर चालणाऱ्या सर्व्हरमार्फत मागवली असता पडद्यावर परक्या वर्णांची आणि चलनचिन्हांची अर्थशून्य रांग यावी, हा प्रकार २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात संकेतस्थळे घडवू लागलेल्या पिढीच्या चांगला परिचयाचा आहे. इंटरनेट महाग आणि मंद होते. म्हणून पान आधी आपल्याच यंत्रावर, लोकलहोस्ट या नावाने आणि १२७.०.०.१ या पत्त्याने, चालवून पाहावे आणि मगच दूरच्या सर्व्हरवर चढवावे, असा शिरस्ता होता. अक्षरे मोडलेली दिसली की पुष्कळजण फॉन्ट पुन्हा बसवीत, ब्राउझर बदलीत, अखेरीस सर्व्हरच काढून नव्याने बसवीत. आणि इतके सायास करूनही पान जैसे थे राही, कारण दोष ज्या ठिकाणी होता त्या ठिकाणी कोणाची नजरच जात नसे. तो समजावून घ्यावयाचा तर वेबच्या आरंभकाळापर्यंत मागे जावे लागते.

जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये आपला प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस नेक्स्ट बनावटीच्या एका संगणकावर जगातील पहिला वेब सर्व्हर चालू केला. त्या वेळी सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यातील संभाषण विलक्षण त्रोटक होते. ब्राउझरने एका ओळीत पान मागावे, सर्व्हरने ते पान जसेच्या तसे पाठवावे आणि जोडणी तोडावी, एवढाच व्यवहार. पान सापडले की नाही, पाठवलेली वस्तू मजकूर आहे की चित्र, मजकूर असल्यास तो कोणत्या वर्णसंचात लिहिलेला आहे, यांपैकी कशाचाही उल्लेख त्या उत्तरात नसे. आणि एका संस्थेतील, एकमेकांना ओळखणाऱ्या शास्त्रज्ञांच्या वर्तुळात त्याची निकडही भासली नव्हती.

वर्तुळ वाढले तशी निकड भासू लागली. दरबारी खलित्यावर तो कोणाकडून, कोणाकडे आणि कोणत्या कामी निघाला याची नोंद जशी आतील मजकुराच्या आधी वाचली जाई, तशी मजकुराआधीची नोंद सर्व्हरच्या उत्तरालाही जोडली जाऊ लागली. तिलाच आज आपण हेडर म्हणतो. तिच्यातील ‘प्रकार’ सांगण्याची पद्धत ई-मेलसाठी नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये सिद्ध केलेल्या माइम या संकेतावरून घेतलेली होती. मे १९९६ मध्ये सर्व्हर-ब्राउझर संभाषणाच्या नियमांची, म्हणजे एचटीटीपीची, १.० ही आवृत्ती लेखनिविष्ट झाली तेव्हा ही सर्व व्यवस्था तिच्यात नमूद झाली. आणि तिच्याबरोबरच एक असे कलमही नमूद झाले, की ज्याचे परिणाम आपल्या लिपीला पुढे बरीच वर्षे भोगावे लागले. मजकुराच्या वर्णसंचाचा उल्लेख हेडरमध्ये नसेल तर तो आयएसओ ८८५९-१ या संचातील आहे असे समजावे, असा त्या कलमाचा आशय. हा संच पश्चिम युरोपीय भाषांचा; त्यात जागा २५६ आणि देवनागरीला त्यांपैकी एकही नाही. ज्यांनी हे लिहिले त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचीच पाने होती, हे समजण्यासारखे आहे. परंतु गृहीत धरलेली गोष्ट एकदा नियमग्रंथात शिरली की तिला हुकमाचे स्वरूप येते. १.१ या आवृत्तीच्या १९९७ च्या आणि १९९९ च्या मसुद्यांतही ते कलम कायम राहिले.

सर्व्हर दुरुस्त करण्याची म्हणून जी विद्या आहे तिचा उगम मात्र अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात झाला. रॉब मॅककूल यांनी तेथे लिहिलेला सर्व्हर प्रत्येक मागणीची एका ओळीत नोंद ठेवी : मागणाऱ्याचा पत्ता, ओळख, नाव, वेळ, मागणी, निकालाचा आकडा आणि पाठवलेल्या बाइटांची संख्या. या सात रकान्यांची रोजनिशी आणि तिच्या जोडीला चुकांची स्वतंत्र नोंदवही, हीच आजवर या कामातील पहिली साक्ष मानली जाते. मॅककूल १९९४ मध्ये केंद्र सोडून गेल्यावर तो सर्व्हर वापरणाऱ्यांनी आपापसांत दुरुस्त्यांची देवाणघेवाण सुरू केली, त्यातून अपाचे हा गट उभा राहिला, एप्रिल १९९५ मध्ये त्यांची पहिली जाहीर आवृत्ती आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला १.० ही आवृत्ती निघाली, आणि वर्षभराच्या आत तो जगात सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर ठरला. पुढे २००२ मध्ये जर्मनीतील अपाचे फ्रेंड्स या मंडळींनी अपाचे, मायएसक्यूएल आणि पीएचपी एकत्र बांधून झॅम्प हा संच काढला, आणि नियंत्रण-फाईलीची एकही ओळ न वाचता सर्व्हर चालू करण्याची सोय घरोघर पोचली. सोय मोठीच होती. तिच्यामुळे खेड्यातील विद्यार्थीही संकेतस्थळ घडवू शकला. परंतु न वाचलेल्या त्या फाईलीत कोणकोणती गृहीते लिहून ठेवलेली आहेत, हेही त्याच्यापासून झाकलेलेच राहिले.

सर्व्हरचे नेहमीचे दोष रोजनिशीवरून ओळखू येतात. निकालाचा आकडा ४०४ असेल तर फाईलीचा मार्ग तपासावा. विंडोजवर लहान-मोठ्या लिपीचा भेद न मानता चाललेले नाव लिनक्सवर सापडत नाही, हे त्याचे फार मोठे कारण. ४०३ असेल तर परवानगी तपासावी. २०१२ मध्ये अपाचे २.४ ने परवानगीची भाषाच बदलली, तेव्हा जुन्या नियंत्रण-फाईली तशाच उचलून आणणाऱ्यांना हा आकडा वारंवार दिसला. ५०० असेल तर प्रोग्रॅम चुकला आहे आणि चुकांच्या नोंदवहीत त्याची कैफियत आहे. नोंदच नसेल तर मागणी सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाही. अशा वेळी बहुधा ८० क्रमांकाचे पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रॅमने अडवून ठेवलेले असते. परंतु मराठी अक्षरे मोडतात तेव्हा रोजनिशीत २०० हा आकडा असतो, म्हणजे सर्व्हरच्या मते सर्व काही यथास्थित पार पडलेले असते. या दोषाच्या शोधात अनुभवी माणसेही चकली, त्याचे कारण हे.

आता आपल्याकडच्या बाजूकडे वळले पाहिजे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून जाहीर झाले होते, पुण्याच्या सी-डॅक संस्थेने जिस्ट तंत्राच्या द्वारे ते अनेक संगणकांत पोचवले होते, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरी विभागही इस्कीच्याच आधीच्या मसुद्यावर बेतलेला होता. म्हणजे प्रमाण नव्हते असे मुळीच नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा ब्राउझरला मात्र यांपैकी काहीही उमजत नव्हते. म्हणून मराठी माणसाने आडवाट शोधली : रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेला फॉन्ट तयार करायचा आणि रोमन म्हणून पाठवलेला मजकूर त्या फॉन्टात दाखवायचा. शिवाजी, किरण, श्रीलिपी, आकृती अशा अनेक फॉन्टांच्या अनेक मांडण्या प्रचारात आल्या, आणि एकीतला मजकूर दुसरीत वाचता येईना. १९९७ च्या सुमारास फॉन्ट पानाबरोबरच पाठवण्याची युक्ती निघाली. तिच्याही इंटरनेट एक्सप्लोररची एक आणि नेटस्केपची एक अशा दोन परस्परविसंगत तऱ्हा. एक्सप्लोररसाठीची फॉन्ट-फाईल ठराविक पत्त्याला बांधलेली असे, त्यामुळे मूळ स्थळी उत्तम दिसणारे पान लोकलहोस्टवर उतरवून घेतले की अक्षरे नाहीशी होत. पत्त्यांच्या यादीत लोकलहोस्टचा समावेश करून ती फाईल पुन्हा बांधणे हाच त्यावर उपाय होता.

या काळाबद्दल एक गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते. फॉन्टाच्या युक्तीने चाललेली ती पाने सर्व्हरच्या दृष्टीने खरोखरच पश्चिम युरोपीय मजकूर होती. हेडर एक असत्य सांगे, फाईलही तेच असत्य बाळगून असे, आणि दोहोंचा मेळ बसल्यामुळे पडद्यावर मराठी दिसे. युनिकोड आले आणि फाईल प्रथमच खरे बोलू लागली, तेव्हा हा मेळ मोडला.

विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय झाली आणि तिच्याबरोबर आला मंगल हा फॉन्ट, ज्याची अक्षरे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवली होती. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. परंतु फेब्रुवारी २००० मध्ये सुरक्षेच्या एका गंभीर इशाऱ्यानंतर अपाचेने १.३.१२ या आवृत्तीत, वर्णसंच न सांगितलेल्या प्रत्येक पानावर ठरीव वर्णसंचाची मोहोर उमटवण्याचा निर्देश आणला होता, आणि दुसऱ्या पिढीच्या अपाचेबरोबर येणाऱ्या मूळ नियंत्रण-फाईलीत सुरुवातीची काही वर्षे तो आयएसओ ८८५९-१ या संचासह चालू अवस्थेतच येई. हेतू संरक्षणाचा होता. पण १९९७ च्या एचटीएमएल ४ च्या नियमानुसार पानाच्या आत लेखकाने लिहिलेल्या वर्णसंचापेक्षा सर्व्हरच्या हेडरचा शब्द वरचढ ठरतो. त्यामुळे लेखकाने पानात यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहिण्याची पद्धत) असे कितीही स्पष्ट लिहिले तरी त्याचा जबाब ऐकूनच घेतला जात नसे. फाईल थेट उघडली तर हेडरच नाही, म्हणून पान नीट. सर्व्हरकडून मागवली तर हेडर आहे, म्हणून पान मोडलेले. आरंभी सांगितलेल्या कोड्याचा उलगडा हा एवढाच आहे.

पडद्यावरच्या त्या विद्रूप रांगेतही एक शिस्त असते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते, म्हणून ‘मराठी’ या शब्दाची पाच चिन्हे पंधरा बाइट घेतात. प्रत्येक त्रिकुटाचा पहिला बाइट एकच, म्हणून डोक्यावर तिरपी रेघ असलेला लॅटिन ‘ए’ पुनःपुन्हा दिसतो. दुसऱ्या बाइटापोटी बहुधा चलनाचे सर्वसाधारण चिन्ह येते. आणि ‘मराठी’तील दीर्घ वेलांटीच्या वाट्याला येन आणि युरो येतात. ही नक्षी ओळखता येऊ लागली की निदान क्षणाचे काम होते. बाइट शाबूत आहेत, घोषणा तेवढी चुकली आहे. त्या काळी ब्राउझरच्या यादीतून यूटीएफ-८ निवडून पाहावे आणि अक्षरे सुधारली तर हेडर दुरुस्त करावे, अशी रीत होती.

इतर लक्षणे इतकी सौम्य नसतात. रिकामे चौकोन दिसले तर यंत्रात त्या लिपीचा फॉन्ट नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर पडली आणि जोडाक्षरे हलन्तासह सुटी झाली, तर अक्षरजोडणीचा भाग बसवलेला नाही. विंडोज एक्सपीमध्ये तो मूळ सीडीवरून वेगळा बसवावा लागे. पहिल्या ओळीच्याही आधी तीन उपरी चिन्हे आली आणि पीएचपीने हेडर आधीच गेल्याची तक्रार केली, तर ती नोटपॅडने फाईलीच्या अग्रभागी गुपचूप लिहिलेल्या तीन बाइटांची करामत. परंतु सर्वांत वाईट लक्षण म्हणजे निखळ प्रश्नचिन्हे. कोठेतरी, बहुधा डेटाबेसच्या वाटेवर, देवनागरीला जागा नसलेल्या वर्णसंचात मजकुराचे रूपांतर झाले, प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसले, आणि मूळ अक्षर कायमचे गेले. मायएसक्यूएलचा मूळ ठराव लॅटिन-१ हा पश्चिम युरोपीय संचच होता. ऑक्टोबर २००४ मध्ये स्थिरावलेल्या ४.१ या आवृत्तीपूर्वी तर रकान्याची लांबी बाइटांत मोजली जाई; वीस लांबीच्या रकान्यात देवनागरीची सहाच चिन्हे पुरी मावत आणि सातव्याचा तुकडा पडे. कितीतरी लोकांची नावे त्या रकान्यांत अर्धवट कापली गेली.

स्थिती हळूहळू पालटली. अपाचेच्या मूळ फाईलीतील तो निर्देश मागे घेतला गेला. डिसेंबर २००७ मध्ये गूगलच्या पाहणीनुसार युनिकोड हा वेबवरील सर्वाधिक प्रचलित वर्णसंच बनला. जून २०१४ च्या एचटीटीपी मसुद्यातून आयएसओ ८८५९-१ चे ते जुने गृहीत काढून टाकण्यात आले. आणि २०१८ च्या मायएसक्यूएल ८.० ने पूर्ण यूटीएफ-८ हाच आपला मूळ ठराव केला. ज्या गैरसमजाची दुरुस्ती प्रत्येक मराठी माणूस आपापल्या यंत्रावर एकेकट्याने करीत होता, ती अशा रीतीने मूळ ग्रंथांत झाली. आणि तिला एकूण वीस-बावीस वर्षे लागली, हे माझ्या मते फार झाले.

राहिला प्रश्न त्या मधल्या काळातील मजकुराचा. १९९५ ते २००५ या दशकातील मासिकांचे अंक, संस्थांची पाने, दिवाळी अंकांच्या आंतरजालीय आवृत्त्या आणि खाजगी लेखन यांचा पुष्कळसा भाग आजही जुन्या सीडींवर, बंद पडलेल्या संगणकांत आणि लॅटिन-१ म्हणवणाऱ्या डेटाबेसांत पडून आहे. तो निरर्थक दिसतो म्हणून पुसून टाकू नये. लॅटिन चिन्हांचा कचरा दिसत असेल तर बाइट शाबूत आहेत आणि मजकूर परत मिळवता येतो. जुन्या फॉन्टातील मजकूर असेल तर त्या फॉन्टाची फाईल सोबत जपून ठेवावी, कारण तिच्यावाचून रूपांतराचा तक्ताच करता येत नाही. ज्यांच्या ताब्यात असे दफ्तर आहे त्यांनी मूळ प्रत जशीच्या तशी राखून तिची युनिकोडमधील नक्कल आताच करून घ्यावी, कारण ते फॉन्ट आणि त्यांच्या मांडण्या ठाऊक असलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत.