ओवीचा नंबर

ज्ञानेश्वरीतली एखादी ओवी दुसऱ्याला दाखवायची तर आपण काय सांगतो? "अठराव्या अध्यायात बघा, अमुक नंबरची." तो बिचारा चष्मा लावून पान काढतो, तर तिथे भलतीच ओवी! पसायदानाचंच घ्या. काही प्रतींत ते अठराव्या अध्यायाच्या १७९३ व्या ओवीपासून सुरू होतं, काहींत १७९४ व्या. फरक एकाच आकड्याचा. पण आधी कुठेतरी एक ओवी जास्त आली की तिच्या पुढच्या सगळ्यांची पाटी बदलते.

हे मी चिरंजीवांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बाबा, हे तर आमचंच दुखणं!" ते प्रोग्रॅमर. प्रोग्रॅम शिकवणाऱ्या पुस्तकात आधी नमुना छापतात, मग खाली त्याचं स्पष्टीकरण. त्यात "ओळ १४ पाहा" असं लिहिलं आणि उद्या वर एक ओळ वाढली, की स्पष्टीकरण भलत्याच ओळीकडे बोट दाखवतं. म्हणून काही जण त्या ओळीच्याच शेवटी एक नाव चिकटवतात आणि खाली त्या नावाने तिला हाक मारतात. अट एकच. नावाभोवतीची खूण अशी हवी की जी त्या प्रोग्रॅमच्या भाषेत एरवी कधी येतच नाही. नाहीतर यंत्र प्रोग्रॅमचा तुकडाच चिठ्ठी समजून उचलणार.

मला लगेच पोथ्या आठवल्या. जुन्या पोथीत शब्द तोडून लिहायची पद्धत नव्हती. अक्षराला अक्षर लागून ओळ कागदाच्या काठापर्यंत जायची, ओवी ओळीच्या मध्येच संपायची. मग ती संपली हे कळायचं कसं? दोन उभे दंड, त्यात आकडा, पुन्हा दोन दंड. काही पोथ्यांत त्यावर गेरूचा हात फिरवलेला, म्हणजे नजर नेमकी तिथे थांबते. दंड हे अक्षर नाही, त्याला उच्चार नाही. कवीने काहीही लिहिलं तरी त्याच्या ओवीत दंड येणार नाही. तेव्हा लेखनिकाची खूण आणि कवीचा शब्द यांची गल्लत होण्याची सोयच ठेवलेली नाही. कुणी काढली असेल ही युक्ती, त्याला माझा नमस्कार.

आकड्यावर मात्र जुन्यांचा फार भरवसा नसावा. घाईत लिहिलेले १ आणि ९ किती सारखे दिसतात, हे पेपर तपासणाऱ्या मास्तरला विचारा! ज्ञानेश्वरी नेवाशाला पूर्ण झाली ते साल शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. ग्रंथाच्या शेवटी ते आकड्यांत नाही, शब्दांत आहे, तेही ओवीत बसवून. शब्द चुकला तर ओवी अडखळते, वाचणाऱ्याला कळतं. आकडा चुकला तर तो मुकाट्याने चुकतो.

खरं संकट खुणेचं नव्हतं, मजकुराचं होतं. नकलेतून नक्कल होताना पाठ बदलले, कुणी पदरच्या ओव्या घातल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रत शुद्ध केली आणि बजावून ठेवलं की यात आपली ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणं. करवंटी ठेवली की पुढची सगळी मोजणीही बिघडते, हे माझं आपलं मास्तरी शेपूट.

पुढे छापखाने आले. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्यांना मिळालेल्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. सांप्रदायिक प्रती वेगळ्या होत्याच. प्रत्येकाची मोजणी आपापली. तुकोबांच्या गाथेचंही तेच. १८६९ आणि १८७३ मध्ये निघालेल्या इंदुप्रकाश छापखान्याच्या दोन भागांत ४६०७ अभंग आहेत, पण हातातली गाथा दुसरी असेल तर तिथला क्रमांक कामाचा नाही. वारकरी कीर्तनकार म्हणून क्रमांकाच्या फंदात पडत नाहीत, अभंगाचं पहिलं चरण सांगतात. ही पाटी अभंगाच्या अंगावरच असते, तो कुठल्याही पानावर जावो. पण तीही पक्की नाही. पहिल्याच शब्दाला पाठभेद असला की अकारविल्हे सूचीत शोधत बसा!

नावगावाचंही असंच होतं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण पत्रावरचा ४३१००१ तोच राहिला. त्या आकड्यात नावाचा काही अंशच नाही. असो, विषयांतर झालं.

आता मी टिपणं संगणकावर करतो. प्रतीचं नाव, अध्याय, ओवीचा आकडा आणि पहिले दोन शब्द, एवढं सगळं लिहितो. आकडा दंडात घालायला कीबोर्डवरची उभी रेघ दोनदा मारली, ती चिरंजीवांनी पाहिली. म्हणाले, "आमच्या बऱ्याच भाषांत या दोन रेघांचा अर्थ 'किंवा' होतो." म्हणजे पोथीतली सगळ्यात निर्धोक खूण त्यांच्याकडे चक्क बोलका शब्द! युनिकोडमध्ये देवनागरीचा एकेरी दंड वेगळा, दुहेरी वेगळा आणि ही इंग्रजी रेघ तिसरीच. दिसायला भावंडं, पण यंत्राला परकी. सहाशे-सातशे टिपणांतल्या रेघा बदलायच्या आहेत. तिसऱ्या अध्यायापर्यंत आलोय.