बंदुकीचा परवाना रत्नागिरीतला, कायदा दिल्लीचा

रत्नागिरी जिल्ह्यात रानडुकरं-माकडांपासून बागा आणि भातशेती राखायला काही घरांत शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक असते. परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, म्हणून हा राज्याचाच कायदा असं आपल्याला वाटतं. तसं नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रं हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. अमेरिकेत बंदुकीचे कायदे राज्यागणिक बदलतात आणि त्यावरून केंद्राशी खटके उडतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ संसदेचा आहे. विधानसभा तो बदलू शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आली, ती कोकणालाही लागू झाली.

वन्यप्राण्यांचा विषय मात्र १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून केंद्र आणि राज्य दोघांकडे आहे. म्हणून हातात बंदुकीचा परवाना असला तरी डुक्कर मारायला वन्यजीव अधिनियम, १९७२ खाली वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. ती नसेल तर पीक वाचवणाराच आरोपी होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू या: मरहूम वडिलांच्या नावची बंदूक वारसांनी घरात ठेवू नये. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करावी, मग आपल्या नावाने अर्ज करावा.